हरलेल्याचं ताट

मतमोजणीच्या दिवशी सकाळी शकुननं कणीक मळायला घेतली, तेव्हा तिला रोडगे करायला कोणी सांगितलेलं नव्हतं. उलट वामनरावांनी आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं, यंदा काही मांडू नको, खायला कोणी येणार नाही. पण नवऱ्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करायची शकुनला चाळीस वर्षांची सवय होती, आणि ती मोडायला आजचा दिवस काही बरा नव्हता. तिनं जाडसर दळलेला गहू परातीत ओतला, तेलाचं मोहन घातलं आणि मनातला सगळा राग त्या कणकेवर काढायला लागली.

ओसरीत वामनराव टीव्हीसमोर बसले होते. पहिली फेरी लागायची होती, तरी गळ्यात दुपट्टा चढलेला. परातीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"कोनासाठी करून राहिली?"

"हरंल त्याच्यासाठी," शकुन म्हणाली.

वामनराव पुन्हा टीव्हीकडे वळले.

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या त्या बोरखेडीत मोहोडांची ही रीत ठाऊक नसलेला माणूस सापडला नसता. बैलजोडीच्या काळात अख्खं गाव एकाच खुणेवर शिक्का मारायचं. एका लोकसभेला गावानं आपला शिक्का भलत्याला दिला, तो पडला. जो आला त्यानं बोरखेडीकडे अशी पाठ फिरवली की गावात येणारी एसटी वळसा घालून पलीकडच्या गावाला जायला लागली. तिकडे चालत जाऊन पायाचे तुकडे पडले तेव्हा शकुनचे सासरे, नत्थुजी मोहोड, एक गोष्ट शिकले. सगळं बी एका वावरात टाकायचं नाही. पुढे बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं. सत्त्याहत्तरला अर्धा देश उलटला तरी वऱ्हाडानं गाय-वासराचं दावं सोडलं नाही. मग ती खूणही गेली, नव्या खुणा आल्या, आणि अकोल्याची लढत जी एकदा तिरंगी झाली ती तिरंगीच राहिली. नत्थुजींना मुलगेही तीनच. वामन, खुशाल आणि पुंजा. म्हातारा म्हणायचा, देवानंच हिशेब करून दिला, आपण कोण मोडणारे.

तर लोकसभा लागली की नत्थुजी तीन पक्षांचे तीन दुपट्टे तिघांच्या गळ्यात टाकायचे. कोणीही निवडून आलं तरी मोहोडांचा एक पोरगा त्याच्या गाडीत बसलेला असायचा. पण म्हातारा नुसता धूर्त नव्हता, शहाणाही होता. दुपट्टा जास्त दिवस गळ्यात राहिला की कातडीला चिकटतो, असं तो म्हणे. म्हणून दर निवडणुकीला दुपट्टे बदलायचे. यंदा ज्याला शिव्या घातल्या, पुढच्या खेपेला त्याच्याच सभेला सतरंज्या टाकायच्या. आणि निकालाच्या दिवशी वावरात रोडगे. ज्याचा उमेदवार जिंकला त्यानं गोवऱ्यांत रोडगे भाजायचे आणि हरलेल्या भावांना आपल्या हातानं वाढायचं. हरलेल्याचं ताट पहिलं. जिंकलेला मागून जेवणार. बायका त्याच्याही मागून, पण ते काही नत्थुजींनी ठरवलेलं नव्हतं, ते आपलं तसंच होतं.

नत्थुजी गेले ते ऐन प्रचारात, दुपट्टे वाटून झाल्यावर. आणि घोडं नेमकं तिथंच अडलं. पुढच्या निवडणुकीला दुपट्टे बदलायला सांगणारं कोणी राहिलं नाही. वामनराव थोरले, त्यांनी सांगायला हवं होतं. पण त्यांच्या पक्षानं त्यांना तालुक्यात पद दिलं होतं, आणि पदाची खुर्ची बुडाला लागली की उठवत नाही. खुशालराव अकोल्याला जठारपेठेत कृषी केंद्र टाकून बसले, त्यांना त्यांच्या पक्षानं शहरात मान दिला. पुंजाजी परतवाड्याला गेला, संत्र्याच्या व्यापारात पडला आणि अमरावतीच्या मतदारसंघातला मतदार होऊन सुटला. तिघं असताना भांडण फिरतं राहायचं, कोणी ना कोणी मधे पडायचा. आता उरले दोघंच. समोरासमोर.

शकुनला सगळ्यात जास्त वैताग कशाचा यायचा, तर या दोघांनी ते पक्ष निवडलेच नव्हते. बापानं गळ्यात टाकले होते. म्हातारा आणखी एक निवडणूक जगला असता तर हेच दोघं एकमेकांची भाषणं उलटी करत फिरले असते. हे तिनं वामनरावांना एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी विचारधारा नावाची काही वस्तू असते असं तिला अर्धा तास समजावलं. शकुननं तेवढ्यात तुरीची डाळ निवडून घेतली.

इतकं होतं तरी निभत होतं. यंदा मात्र वामनरावांनी कहर केला. गावातल्या सभेत, पारावर, माईक हातात आल्यावर ते बोलून गेले, की ज्याला घरची भाकर गोड लागत नाही तो बाहेर जाऊन उष्टं खातो, आणि असा एक आमच्याही घरात निघाला. पोट्ट्यांनी ते मोबाइलवर घेतलं. ते फिरत फिरत चांदूर रेल्वेला पोचलं. चांदूरचे लोक तर मत वर्ध्याच्या खासदारासाठी देतात, त्यांना अकोल्याचं काय पडलंय, पण खुशालरावांच्या मुलीचे होणारे सासरे चांदूरचे. व्याह्यानं फोन करून नुसतं इतकंच विचारलं, की वामनराव आपले सख्खेच ना. खुशालराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं, वर्षालीचं लग्न जठारपेठेतून होईल, आणि दादानं त्या मांडवात पाऊल ठेवू नये.

वर्षाली तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून दहावीपर्यंत ती बोरखेडीत शकुनच्या पदराला धरून वाढली. तिच्या वेण्या शकुननं घातल्या, तिच्या गोवर-कांजिण्या शकुननं काढल्या, तिला पहिली साडी शकुननं नेसवली. दादानं पाऊल ठेवू नये म्हणजे वैनीनंही ठेवू नये, हे खुशालरावांनी तोंडानं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती. नवऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवून शकुन कुठल्या मांडवात जाऊन बसणार होती? दोन पुरुषांनी दुपट्ट्यांपायी भांडायचं आणि तिनं पोरीच्या हळदीला मुकायचं. या विचारानं तिनं कणीक इतकी मळली की तिचा दगड व्हायचा राहिला.

नवाच्या सुमारास वर्षालीचाच फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"मोठी आई, रोडगे करून राहिली का?"

"करून राहिली."

"बाबा येत नाई म्हनते. मी म्हटलं, मले सोडून द्या अन तुमी गाडीतच बसा."

"तू आन त्याले वावरापर्यंत," शकुन म्हणाली. "गाडीतून उतरवाचं मी पाहातो."

दुपारपर्यंत टीव्हीनं जीव खाल्ला. कधी एक पुढे, कधी दुसरा. वामनराव खुर्चीतून उठायचे, बसायचे, पाणी मागायचे आणि आणलेलं पाणी तसंच ठेवायचे. तितक्यात पुंजाजी परतवाड्याच्या गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून काळीपिवळीनं बोरखेडीला येऊन ठेपला. सोबत पिशवीभर वांगी. आल्या आल्या त्यानं दादाला विचारलं, "काय म्हनते तुहा मानूस?" वामनरावांनी हातानंच गप्प बसायची खूण केली. पुंजाजी स्वयंपाकघरात आला आणि शकुनला म्हणाला की आमच्या अमरावतीत तर लोक निकालाच्या दिवशी कामावर जातात. हे खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटलं.

तीन वाजता वामनरावांचा उमेदवार निवडून आला. थोड्या मतांनी आला, पण आला. गावातली पोट्टी डफडं घेऊन दारात हजर झाली, वामनरावांना खांद्यावर घेतलं आणि गुलालानं असं माखलं की शकुनला आपला नवरा फक्त चपलांवरून ओळखू आला. सत्तर वर्षांचा माणूस पोरांच्या खांद्यावर बसून हात हलवत होता. तिच्या मनात आलं, या माणसाला आता वावरात नेऊन भावासमोर वाकवायचं आहे. हे काम खासदार निवडून आणण्यापेक्षा अवघड होतं.

ऊन उतरल्यावर ते वावरात गेले. बाभळीखाली पुंजाजीनं गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आणि लाल निखाऱ्यांचा आर पडल्यावर रोडगे त्यात पुरले. खरं तर ते काम जिंकलेल्याचं. पण जिंकलेला बांधावर उभा राहून फोनवर लोकांची अभिनंदनं घेत होता. चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. मग शेताकडेच्या धुऱ्याच्या रस्त्यानं खुशालरावांची गाडी आली आणि चिंचेखाली थांबली. वर्षाली उतरून धावत आली, शकुनच्या गळ्यात पडली. गाडीच्या काचा मात्र वरच राहिल्या.

शकुन हात पुसत गाडीपाशी गेली. काचेवर बोटानं टकटक केलं. काच चार बोटं खाली आली, आतून थंड हवा बाहेर आली.

"उतरा भाऊजी."

"नाई वैनी. मी पोरीले सोडाले आलो."

"मामाजीची रीत हाय."

"रीत दादाले सांगा. मले उष्टं खाणारा म्हनते तो. आता कोनत्या तोंडानं वाढते?"

"तुमाले वाढाले लावतो मी त्यायले. उतरा तं."

खुशालराव उतरले, ते वैनीची भीड म्हणून. त्यांच्याही खांद्यावर दुपट्टा होता, हरलेला, सकाळपासून घामेजलेला. ते बाभळीपर्यंत आले आणि त्यांना गुलालात माखलेले वामनराव दिसले. शकुनला वाटलं, आता एखादा शब्द चांगला निघेल. निघाला तो असा, की वामनराव म्हणाले, लोकांनी न्याय केला. मग खुशालराव म्हणाले, लोकांनी केला की यंत्रानं. झालं. अकोल्याच्या साऱ्या निवडणुका त्या बाभळीखाली पुन्हा लढल्या गेल्या. कोणी कोणाच्या वेळी रस्ता अडवला, कोणी कापसाच्या भावावर थापा मारल्या, कोण कोणत्या सालात कोणाच्या गाडीत बसला. दोघांच्याही तोंडून तीस-तीस वर्षांची सनावळी घडाघडा निघत होती. शकुनच्या वाढदिवसाची तारीख यातल्या एकालाही सांगता आली नसती.

पुंजाजी काठीनं आरातले रोडगे बाहेर ओढत होता. राखेनं माखलेले, तापलेले.

"वैनी, फडकं आनलं का पुसाले?"

फडकं घरी राहिलं होतं. शकुननं इकडेतिकडे पाहिलं. मग ती सरळ वामनरावांपाशी गेली आणि त्यांच्या गळ्यातला दुपट्टा ओढून घेतला. ते बोलत होते, बोलताबोलता थांबले. तिथून ती खुशालरावांपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावरचाही घेतला. आगीपाशी बसून एका दुपट्ट्यानं एक आणि दुसऱ्यानं दुसरा, असे ती रोडगे खसाखसा पुसायला लागली. दोन्ही कापडं बघता बघता एकसारखी काळी झाली.

"अव शकुन," वामनराव म्हणाले, "पक्षाचा हाय तो."

"राख पुसाले बरा हाय," ती म्हणाली. मग तिनं हातातला रोडगा खाली ठेवला. "मामाजीनं घातले तुमच्या गयात हे. बदलाले सांगतलं होतं. बदलले काहून नाई? आज मामाजी असते तं तू याच्याकडून बोंबलला असता, हा तुह्याकडून. पोरीचं लगन मोडून राहिले तुमी फडक्यापायी."

चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याला तू म्हटलं नव्हतं. ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

खुशालराव तिरकस हसले. "दादा बदलला असता? वैनी, त्याच्या रक्तात हाय तो पक्ष."

वामनरावांनी नाकावरचा गुलाल पुसला. ते बाभळीच्या बुंध्याकडे पाहत म्हणाले, "मी बदलतो."

"काय बदलतो?"

"बटन. बाबानं सांगतलं होतं. पुंजा गेला, मंग दोघंच उरलो. एकदा माह्यावालं, एकदा तुह्यावालं. तसंच दाबत आलो."

चुलीवरची भाजी उतू जायला लागली, पुंजाजीनं पातेलं खाली उतरवलं.

"येंदा कोनाचं होतं?" खुशालरावांनी विचारलं.

"तुह्यावालं."

"म्हंजे तू पारावर उभा राहून मले उष्टं खाणारा म्हटलं, अन मत..."

"मत बाबाचं होतं," वामनराव म्हणाले. "भाषण दुपट्ट्याचं."

शकुन त्यांच्याकडे पाहत राहिली. हसावं की हातातला गरम रोडगा फेकून मारावा, हे तिला ठरवता येईना. या माणसानं पंधरा वर्षं घरात राजकारणाचा धूर केला, भावाला तोडलं, तिला तिच्या पोरीपासून तोडायला निघाला, आणि आत यंत्रापाशी जाऊन गुमान बापाचं ऐकत राहिला. बाहेर सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? तिनं हे सगळं एका दमात बोलून टाकलं. वामनराव म्हणाले, सांगितलं असतं तर पद गेलं असतं. हे इतकं खरं होतं की शकुनला आणखीच संताप आला.

खुशालराव मात्र विचारात पडले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण त्याला कुठे बसावं ते कळत नव्हतं.

"मंग दादा, तू बी हरला."

"हरलोच."

"मंग वाढनार कोन?"

पुंजाजीनं आधीच हात वर केले. तो अमरावतीचा मतदार, त्याला यात ओढू नये. वामनराव म्हणाले, माझं मत हरलं, म्हणून मी हरलेल्याच्या ताटावर बसणार. खुशालराव म्हणाले, गुलाल तुझ्या अंगावर आहे, डफडं तुझ्या दारात वाजलं, तू वाढ. वामनराव म्हणाले, मी थोरला. खुशालराव म्हणाले, बाबानं थोरला-धाकटा काही ठेवलं नव्हतं. आणि दोघं पुन्हा भांडायला लागले. आता भांडण असं होतं की खरा हरलेला कोण. वर्षालीनं कपाळाला हात लावला.

ताडपत्रीवर पळसाच्या पत्रावळी मांडून झाल्या होत्या. शकुननं पदर खोचला, पहिल्या पत्रावळीपाशी गेली आणि मांडी घालून बसली.

दोघांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मी हरली," ती म्हणाली. "कोनी बी जिंको, दरवेळी मीच हरली. हरलेल्याचं ताट पयलं असते ना? वाढा."

वर्षाली तिच्या शेजारी जाऊन बसली.

खुशालरावांनी विचारलं, "वैनी, तुमी कोनाले देलं होतं मत?"

"ते मामाजीले बी कधी सांगतलं नाई."

पहिले वामनराव हलले. त्यांनी रोडगा उचलला, हात भाजला तरी सोडला नाही, गुलालाच्या बोटांनी तो फोडून शकुनच्या पत्रावळीत कुसकरला आणि वर तूप सोडलं. सवय नव्हती, म्हणून अर्धं ताडपत्रीवर सांडलं. खुशालरावांनी पळीनं भाजी वाढली. मग भाऊ एकमेकांकडे न पाहता उभे राहिले, एकाच्या हातात तुपाचं भांडं, दुसऱ्याच्या हातात पळी.

"वैनी," खुशालराव भाजीच्या पातेल्याकडे पाहत म्हणाले, "हळदीले एक दिवस आधी या. पोरीचं सारं तुमालेच करा लागते." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "दादाले आंघोय घालून आना. गुलाल लवकर निंघत नाई."

वामनराव काहीतरी बोलणार होते, पण पुंजाजीनं त्यांच्या पायावर पाय दिला.

शकुनच्या तोंडात घास होता. या घरात आल्यापासून तिनं सगळ्यांच्या मागून, निवून कडक झालेला रोडगा खाल्ला होता. आत इतका मऊ असतो, हे तिला आज कळत होतं.